हयात माणसांना वगळून

दाखलेकाकांना गावानं विनोदी लेखक ठरवलं ते एका वाक्यावर, आणि ते वाक्य त्यांनी विनोद म्हणून उच्चारलंच नव्हतं. नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या टेबलावर त्यांची उभी हयात गेली. एकदा एक गृहस्थ घाम पुसत आले आणि म्हणाले, मृत्यूच्या नोंदीत चुकून माझं नाव चढलंय, ते तेवढं काढा. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, "तुम्ही जिवंत आहात असं सांगणारे दोन साक्षीदार आणा. एक नातेवाईक चालेल. दोन्ही नातेवाईक चालणार नाहीत." नियम तसाच होता आणि काकांना नियमापलीकडे बोलायची सवय नव्हती. पण रांगेतली माणसं पोट धरून हसली आणि संध्याकाळपर्यंत ते वाक्य गावभर झालं. त्या गृहस्थांना साक्षीदार मिळता मिळेनात, हा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही.

तर निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी गावात एक समिती निघाली. शेजारच्या गावावर कुणीतरी एक विनोदी पुस्तक लिहिलं होतं. तिथले तिरसट न्हावी, विसराळू पोस्टमन, बायकोला घाबरणारे फौजदार असे सगळे त्यात आले आणि पुस्तक एवढं खपलं, की लांबलांबची माणसं ते गाव बघायला येऊ लागली. न्हाव्याच्या दुकानासमोर उभं राहून फोटो काढू लागली. आपल्या गावात बस थांबायची ती ड्रायव्हरला पाणी प्यायचं असलं तर. हा अपमान लोखंडी सामानाच्या दुकानदारांना सोसवेना. ते समितीचे अध्यक्ष झाले. दुसऱ्या सभासद निवृत्त मुख्याध्यापिका; त्यांना सगळं गाव बाई म्हणे आणि त्यांच्यासमोर अजूनही सरळ बसे. आपल्या गावातही वेडगळ माणसं काही कमी नाहीत, असा ठराव एकमतानं झाला आणि ती कागदावर आणायचं काम दाखलेकाकांकडे आलं.

काकू एवढंच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला घरात तरी कोणी हसतं का?"

काकांनी या टोमण्याकडे लेखकाला शोभेल असं दुर्लक्ष केलं आणि नवा पेन आणला.

पहिलं प्रकरण त्यांनी अध्यक्षांवरच लिहिलं. खिळे मोजून देणारा आणि मोजताना गिऱ्हाइकाच्या मुलाबाळांची इतकी चौकशी करणारा दुकानदार, की गिऱ्हाइकाचा आकडा चुकावा आणि दुकानदाराचा चुकू नये. अध्यक्षांनी ते वाचलं, मनापासून हसले, पाठ थोपटली आणि म्हणाले की छान जमलंय, फक्त दुकान लोखंडाचं न ठेवता धान्याचं करा. धान्याचे व्यापारी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी घरी आले. ते हसले नाहीत. मग ते दुकान काचेच्या भांड्यांचं झालं, मग चपलांचं झालं, आणि सगळ्या बाजारपेठेतून हिंडून शेवटी ते प्रकरण काकांच्या टेबलाच्या खणात बसलं.

शेजारी निवृत्त कंपाउंडर राहत. मिक्स्चर ढवळण्यात आयुष्य गेल्यामुळे सल्ला देतानाही त्यांचा हात गोल फिरे. त्यांनी सुचवलं, माणसं सोडा, जनावरांवर लिहा, जनावर वाचत नाही. काकांनी चौकातल्या लंगड्या कुत्र्यावर लिहिलं. त्या कुत्र्याला आजवर कुणी शिळा तुकडा घातला नव्हता. पण ते पुस्तकात येतंय म्हटल्यावर दोन गल्ल्या त्याच्या मालकीवरून भांडल्या आणि दोघींनी मिळून त्याची बदनामी सहन करणार नाही असं कळवलं. कुत्रं मात्र पूर्वीसारखंच उपाशी राहिलं. त्याची बाजू कुणी मांडली नाही.

अखेर बाईंनी सभा घेतली आणि फळ्यावर लिहिल्यासारखं वाक्य सांगितलं. पुस्तकात हयात व्यक्तीची गंमत करू नये. मयत व्यक्तीची करावी, मात्र वारसाची लेखी हरकत नसावी.

आता मयत म्हटल्यावर काकांच्या अंगात बळ आलं. जिवंत माणसांशी त्यांचा संबंध कामापुरता, पण गेलेल्यांची त्यांना पुरती माहिती. कोण कधी गेलं, कशानं गेलं आणि नोंद करायला आलेल्या मुलांनी दारातच कशावरून भांडण काढलं, हे सगळं पाठ. त्यांनी झपाट्यानं प्रकरणं लिहिली आणि कोऱ्या संमतिपत्रांचा गठ्ठा काखेत मारून वारसांची दारं ठोठावायला सुरुवात केली.

वर्गात झोपणारे एक मास्तर होते. मुलांनी त्यांच्या टेबलाचे पाय उंच केले तरी ते जागे झाले नव्हते. त्यांच्या मुलानं 'झोपत' खोडून 'चिंतनात मग्न होत' केलं, तेव्हा टेबलाच्या पायांना काही अर्थ उरला नाही. बँडमास्तर दारू पिऊन एका मयताच्या मागे लग्नातली चाल वाजवत गेले होते. त्यांच्या मुलानं दारू काढली, मग चाल काढली आणि शेवटी बँडही काढला. उरले ते एक कष्टाळू, प्रेमळ गृहस्थ, जे एका मयताच्या मागे चालत गेले. फक्त एक सून अशी भेटली, जिनं सासूवरचं भांडकुदळपणाचं प्रकरण वाचून सांगितलं की हे काहीच नाही, आणि आणखी दोन पानं स्वतःच्या हातानं लिहून दिली. नवरा कामावरून आल्यावर ती पानं परत मागायला तीच आली. डोळे सुजलेले होते.

थोडक्यात, मेल्यावर माणूस चांगला होतो आणि चांगला झाला की पुस्तकातून जातो. हा प्रकार काका रोज संध्याकाळी एकाच ठिकाणी जाऊन सांगत. ते ठिकाण म्हणजे उद्यामास्तरांचं दुकान.

उद्यामास्तर शिंपी होते. कपडे कधी मिळतील या प्रश्नाला त्यांनी आयुष्यात एकच उत्तर दिलं, आणि त्यावरून गावानं त्यांचं बारसं केलं. लग्न केलं नव्हतं. मुलीकडच्यांनी कधी करू म्हणून विचारलं तेव्हा ते उद्या म्हणाले, असं लोक सांगत. ते बहुधा खोटं असावं. दाखलेकाका आणि ते एका बाकावर शिकले, एकाच गणितात नापास झाले आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी एकमेकांसमोर बसून फारसं काही न बोलता उठत आले.

पण आता मास्तर बसत नव्हते. त्यांच्या पोटात काहीतरी वाढलं होतं आणि मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात टेकून त्यांना घरी पाठवलं होतं. घर म्हणजे दुकानच. जमिनीवरच्या गादीवरून उठवेना म्हणून त्यांनी गादी कापड बेतायच्या लांब टेबलावर टाकायला लावली होती. तिथून रस्ता दिसे. अर्धी शिवलेली कापडं पायाशी आणि मास्तर मधे, असा तो सगळा मामला होता. बघायला येणारा प्रत्येक जण आता बरं वाटतंय हो तोंडावर, असं म्हणे आणि बाहेर पडताना आपलं कापड परत कसं मागावं या विचारात पायरीवर घुटमळे.

काकांनी सुनेच्या दोन पानांची हकिकत सांगितली तेव्हा मास्तर हसले. मग म्हणाले, "माझ्यावर लिही."

"हयात माणसांवर बंदी आहे."

"मी काय हयात आहे? महिनाभराचा प्रश्न. वारस कोणी नाही, हरकत कोण घेणार? तुला असं गिऱ्हाईक दुसरं मिळायचं नाही."

काकांनी पायाशी पडलेल्या कापडाची घडी घातली.

"पण मेल्यावर लिहू नकोस," मास्तर म्हणाले. "मेल्यावर तुम्ही सगळ्यांना प्रेमळ करता. आत्ता लिही, मला वाचून दाखव. गाव माझ्यावर हसणार आहे ते आधी मला एकदा ऐकू दे. नंतर काय, कान कुठे असणार आहेत."

काका घरी आले आणि लिहायला बसले. आणि त्यांना काही सुचेना. आयुष्यभर ज्यांनी 'मृत्यूचे कारण' या रकान्यात न थबकता लिहिलं, त्या माणसाला उद्यामास्तर या नावापुढे शब्द फुटेना. शेवटी त्यांनी एक पान लिहिलं आणि दुसऱ्या संध्याकाळी नेऊन वाचलं. त्यात मास्तर मनमिळाऊ होते, आपल्या कलेशी प्रामाणिक होते आणि त्यांच्या सुईत माणुसकीचा धागा ओवलेला होता.

मास्तरांनी डोळे मिटूनच ऐकलं. मग विचारलं, "हे कोण गेलं?"

पान तिथेच फाडलं गेलं. मास्तरांनी बजावलं की खरं लिही. काका बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी हात हलवत गेले. सांगितलं की चष्म्याची काडी तुटलीय. त्यानंतर काकूंच्या माहेरची माणसं आली. त्यानंतर कागद संपले. मग दिवे गेले, मग मनगट दुखायला लागलं, मग पुन्हा काडी तुटली. घरी काकूंना ही सबबींची रांग कळली तेव्हा त्या रागावल्या. तो माणूस वाट बघतोय आणि तुम्ही घरात माश्या मारत बसलाय, म्हणाल्या. काकांच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता आणि तो बायकोला सांगण्यासारखा नव्हता. मास्तर त्या प्रकरणासाठी थांबलेत. प्रकरण संपलं की थांबायला काही उरत नाही. तेव्हा संपवायचं नाही. नगरपालिकेत एखादं प्रकरण वर्षानुवर्षं प्रलंबित ठेवायचं म्हटलं तर कसं ठेवावं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? फक्त हा अर्जदार टेबलापलीकडे उभा नव्हता, टेबलावर आडवा होता.

एका संध्याकाळी मास्तरांचा आवाज अगदी खोल गेला होता. काका आत आले तसं त्यांनी मान वळवली.

"झालं का?"

"उद्या," काका म्हणाले.

मास्तर हळूच म्हणाले, "हा माझा शब्द आहे. त्यात काय असतं ते मला सांगू नकोस. मी उद्या म्हणायचो तेव्हा कापडाला कात्रीसुद्धा लागलेली नसायची."

काका खाली बघायला लागले.

"भितोस होय रे?"

"हो."

"मग मी काय करू? मी भिऊ की तुझी समजूत काढू? दोन्ही आता एकदम जमत नाही मला."

त्या रात्री काकांनी लिहिलं. काकूंनी चहा करून शेजारी ठेवला, तो गार झाला, त्यांनी तो नेला. दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत काका दुकानात हजर झाले, स्टूल ओढलं आणि वाचायला लागले.

प्रकरण टेपवर होतं. मास्तरांच्या गळ्यातली मापाची टेप ऐन तरुणपणीच टोकाला तुटली होती. पहिला इंचच गायब. कंबरेभोवती ती गुंडाळली की आकडा एका इंचानं जास्त यायचा. कापड मात्र ते लाकडी पट्टीनं बेतायचे, आणि पट्टी शाबूत होती. परिणामी गावातली प्रत्येक पँट कंबरेत एक इंच सैल. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की मास्तर त्याच्याकडे काळजीनं बघत आणि विचारत, "तब्येत बरी नाही का? उतरलेले दिसता." गिऱ्हाईक तडक डॉक्टरकडे जाई. डॉक्टर टॉनिक देत. डॉक्टरांच्या पँटही मास्तरांकडेच शिवलेल्या असल्यामुळे पेशंट गेला की ते स्वतः दोन चमचे घेत. सारं गाव असं एका हातानं पँट धरून आणि दुसऱ्या हातात टॉनिकची बाटली घेऊन वर्षानुवर्षं खंगत होतं आणि वजनकाटा कोणाचंच वजन कमी दाखवीना, म्हणून वजनकाटे तीनदा बदलले.

मास्तर आधी नाकातून हसले. मग त्यांचं पोट हलायला लागलं आणि त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, कारण दुखत होतं. डॉक्टरांच्या दोन चमच्यांशी त्यांना ठसका लागला. काकांनी पाणी पाजलं. थांबू का, विचारलं. मास्तरांनी बोटानं खूण केली, पुढे.

सगळं संपल्यावर ते बराच वेळ दम खात पडले. मग म्हणाले, "एक चूक आहे."

"कोणती?"

"तू लिहिलंस मला माहीत नव्हतं. पहिल्या वर्षीच कळलं होतं मला."

काकांनी कागद खाली केला. "मग टेप बदलली का नाहीस?"

"अरे, तोवर सगळ्यांना तेवढं सैल अंगवळणी पडलं होतं. बरोबर मापाचं शिवलं असतं, तर सगळे म्हणाले असते, घट्ट केलंस." एवढं बोलून ते पुन्हा हसले आणि त्यांनी स्वतःच्या लेंग्याची कंबर दोन बोटांनी उचलून दाखवली. आत आणखी एक माणूस मावला असता. "माझ्या बाबतीत मात्र आता चूक टेपची नाही. तेवढं घाल त्यात."

काकांनी ते तिथेच बसून घातलं आणि माहीत नसण्याची चूकही दुरुस्त केली.

मास्तर त्याच आठवड्यात गेले. सकाळी शेजारच्या दुकानदारानं फळी उघडली तेव्हा ते रस्त्याकडे तोंड करून होते.

नोंद करायला दाखलेकाकाच गेले. त्यांच्या टेबलावर आता एक तरुण कारकून बसत होता. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली आणि भराभर रकाने भरले. एका रकान्याशी तो अडला. खबर देणाऱ्याचं मयताशी नातं काय? काका मित्र म्हणाले. कारकुनानं मान हलवली आणि अदबीनं सांगितलं की काका, मित्र चालत नाही, तुम्हाला मी काय सांगणार. काकांना खरंच सांगायची गरज नव्हती. या टेबलावरून किती मित्रांना त्यांनी नातेवाईक घेऊन या म्हणून परत पाठवलं होतं, त्याची त्यांना नोंद ठेवावी लागली नव्हती, म्हणून ती नव्हती. शेवटी कारकुनानंच तोड काढली. मास्तरांकडे तुमचं काही शिवायला होतं का? होतं, एक पँट होती, मागल्या वर्षापासून. तेव्हा त्या रकान्यात 'ग्राहक' असं लिहिलं गेलं आणि शिक्का बसला.

समितीला प्रकरण फार आवडलं. अध्यक्ष तर वाचता वाचता आपली पँट चाचपून हसले. आता व्यक्ती मयत आहे, नियमात बसते, फक्त वारसाची सही हवी, बाई म्हणाल्या. वारस नाही, काकांनी सांगितलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि संमतिपत्र त्यांच्याचपुढे सरकवलं.

काका ते घरी घेऊन आले. सही करायच्या आधी एकदा वाचावं म्हणून बसले, आणि वाचता वाचता त्यांना तो माणूस बघवेना. चौकाचौकात लोक याला टेपचोर म्हणतील. याच्या चिवट हातांबद्दल कुणी बोलणार नाही, डोळ्यांना दिसेनासं झाल्यावर तो नुसत्या बोटांनी शिलाई चाचपायचा त्याबद्दल बोलणार नाही, फक्त पँट धरून हसतील. त्यांनी पेन उचलला आणि 'फसवत' हा शब्द खोडला. वर 'सांभाळून घेत' असं लिहिलं. मग टॉनिकच्या वाक्याशी पेन गेला. त्यांना बँडमास्तरांचा मुलगा आठवला, आधी दारू, मग चाल, मग बँड, आणि तो दारात उभा राहून खोडत असताना आपण मनात त्याला काय काय म्हणालो होतो तेही आठवलं.

काकू मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी कागद बघितला. "आवडलं होतं ना त्यांना?" एवढंच विचारलं.

काकांनी 'सांभाळून घेत' खोडलं, 'फसवत' पुन्हा लिहिलं आणि सही केली. सही त्यांच्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही. बँकेनं ती नाकारली असती.

पुस्तकाचं प्रकाशन शाळेच्या सभागृहात झालं. मयतांच्या वारसांसाठी पुढची रांग राखलेली होती. ते इस्त्रीच्या कपड्यांत, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. काका वर मंचावर, गळ्यात हार. बाईंनी एकेका प्रकरणातला उतारा वाचला. चिंतनात मग्न मास्तरांना टाळ्या पडल्या. मयतामागे चालत गेलेल्या प्रेमळ गृहस्थांना टाळ्या पडल्या. मागल्या रांगांत जांभया सुरू झाल्या. मग बाईंनी टेपचं प्रकरण उघडलं.

गाव असं हसलेलं काकांनी कधी ऐकलं नव्हतं. माणसं खुर्च्यांवर मागे पडत होती, एकमेकांची कंबर ओढून बघत होती. डॉक्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. प्रत्येक वाक्यासरशी लाट यायची आणि काकांच्या छातीवर आपटायची. त्यांना वाटत होतं, उठून सांगावं की पुरे, तो आजारी आहे.

ते उठले. मंचाच्या पायऱ्या उतरले, हार काढून हातात घेतला आणि वारसांच्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. बँडमास्तरांच्या मुलानं वर बघितलं, काही न विचारता तो सरकला आणि त्यानं जागा करून दिली, तसे काका बसले.

"पहिल्यांदा फार लागतं," तो हळूच म्हणाला.

"मग?"

"मग थांबतात हसायचे. विसरतात." तो समोर बघत होता. "माझे वडील बँड वाजवायचे, हे आता इथे कुणाला ठाऊक नाही. मीच खोडलं ते."

वर बाई लेंग्याच्या वाक्यापर्यंत आल्या होत्या. त्या वाक्यावर सभागृह गोंधळलं. हसावं की नाही ते कुणाला कळेना. हशा विरत विरत मागल्या भिंतीपाशी गेला आणि शांतता पसरायला लागली.

तेव्हा दाखलेकाका हसले. मोठ्यानं हसले. आवाज फाटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी ते थांबले नाहीत, आणि मागून दोनचार जण चाचपडत त्यांना सामील झाले.

मागल्या रांगेतून कुणीतरी वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला. "अहो, वारसांच्या रांगेत बसलाय," तो माणूस दबक्या आवाजात म्हणाला. "जरा तरी भान ठेवा."